तिसऱ्या सीडीतला शेवट

सोमनाथला त्या शुक्रवारी लग्न मोडायचं होतं, पण त्याआधी पिक्चर बघायचा होता. माणूस कितीही चिडला तरी शुक्रवारची सुट्टी काही वाया घालवत नाही.

आखातात, देरातल्या त्या कामगारांच्या खोलीत शुक्रवारचा रिवाज ठरलेला होता. आंघोळी, धुणी उरकायची, चिकन शिजायला टाकायचं आणि नरसिंहलूनं भाड्यानं आणलेला तेलुगू पिक्चर लावायचा. नरसिंहलू करीमनगरकडचा, फरश्या बसवणारा. खोलीत तेलुगू कळणारा तो एकटाच. टीव्हीशेजारी मांडी घालून तो सगळ्यांना गोष्ट हिंदीत सांगायचा. खरं तर मंडळी पिक्चरपेक्षा त्यालाच बघायची. गाणं लागलं की मात्र तो गप्प. "गाने में क्या समझाना?" म्हणायचा.

सोमनाथ तासगावकडचा, एसी दुरुस्त करणारा. मागच्या सुट्टीत त्याचा रंभाशी साखरपुडा झाला होता आणि आता लग्नाची तारीख धरायची होती. रंभाच्या घरी फोन नव्हता. विलासच्या किराणा दुकानाचा पीपी नंबर होता. दर शुक्रवारी सोमनाथ फोन लावायचा, विलास पोराला पिटाळायचा, ती धापा टाकत यायची आणि मग नुसतं "हं". जेवलीस का? हं. आई बरी आहे का? हं. माझी आठवण येते का? याला तर हंसुद्धा नाही! पोरीला घरच्यांनी बळंच उभी केलीय, असं त्यानं मनाशी पक्कं धरलं. नको असलेल्याच्या गळ्यात तिला बांधायचं पाप त्याला नको होतं. आज तिला मोकळं करायचं आणि विषय खलास. गडी स्वाभिमानी होता, आणि त्याला ती मनापासून आवडली होती, म्हणून तर एवढा जळत होता.

"तू निदान हं तरी ऐकतोस," महादू कांदा चिरत म्हणाला. महादू खोलीतला सगळ्यात जुना. "तो नरसिंहलू बघ. फोनवर स्वतःच बोलतो, मग कान लावून गप्प बसतो आणि एकटाच हसतो. त्याची बायको झोपत असंल तिकडं."

पिक्चर झकास होता. हिरो लग्नात बँड वाजवणारा, हिरॉइन आचाऱ्याची पोरगी. दोघं भांडायची आणि भांडता भांडता भाताच्या शेतात नाचायला लागायची. दुसरी सीडी संपली ती नेमक्या जागी. घरभर पाहुणे, हिरोनं सगळ्यांसमोर विचारलेलं आणि हिरॉइन खाली मान घालून गप्प. सोमनाथ सरसावून बसला. हे तर त्याचंच चाललं होतं.

तिसरी सीडी घातली तर आकाशातून नारदमुनी उतरले. दुकानदारानं खोक्यात भलत्याच पिक्चरची सीडी कोंबली होती. खोलीत एकच बोंब उठली.

"अरे, बैठो!" नरसिंहलू ओरडला. "मैं गांव में देखा ये पिक्चर. सुनो. लडकी नाराज नहीं है. इत्ते लोगां के सामने कैसे बोलेगी? तो हिरो बोलता, तू मुंह से कुछ नक्को बोल. मेरे वास्ते दिल में कुछ है तो खाली चूड़ियां बजा."

"फिर?" सोमनाथनं विचारलं.

"फिर क्या? तू बी फोन पे पूछ के देख."

संध्याकाळी सोमनाथ फोनच्या बूथमध्ये उभा राहिला. पाठ करून ठेवलेलं सगळं तोंडातच राहिलं. पलीकडं दुकानातली गर्दी ऐकू येत होती. कुणी साखर मागत होतं, कुणी खोकत होतं. हे आवाज दर शुक्रवारी येत असणार. त्यानं कधी कान दिला नव्हता.

"रंभा, तू बोलू नको," तो म्हणाला. "मी तुला पसंत असलो तर फक्त काकणं वाजव. नसलो तर फोन ठेव. मी रागावणार नाही."

त्यानं रिसीव्हर कानाशी दाबला. आणि मग काकणं वाजली. एकदा, हळूच. मग अशी वाजली की विलास मागून ओरडला, "अगं, रिसीव्हर फोडशील!"

पुढच्या शुक्रवारी दुकानदारानं बरोबर सीडी दिली. शेवटी हिरॉइन पाण्याच्या टाकीवर चढली आणि लाउडस्पीकरवरून साऱ्या गावाला ओरडून सांगू लागली. काकणांचं नावसुद्धा नव्हतं. मंडळी पोट धरून हसली. सोमनाथ हसला नाही.

"तुमने देखाच नहीं था पिक्चर," तो म्हणाला. "चूड़ियां कहां से लाया?"

नरसिंहलूनं सीडी खोक्यात घातली. "सरपंच के घर में फोन है," तो सावकाश म्हणाला. "मेरी मां बाजू में बैठती, पूरा मोहल्ला बैठता. शादी को चार महिने हुए और मैं इधर आया. तब से वो ऐसाच बोलती मेरे से."

त्या संध्याकाळी बूथपुढं सोमनाथचा नंबर आधी होता. त्यानं नरसिंहलूला पुढं केलं. काचेआड नरसिंहलू बडबड बडबड बोलला, मग रिसीव्हर कानाशी घट्ट धरून डोळे मिटून उभा राहिला. रांगेतला कुणीतरी मागून "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करू लागला, तसा सोमनाथ वळून त्याच्यावर खेकसला, "थांब की जरा. वहिनी बोलतायत."