पेन्सिलीची बाजू

वसाहतीत सगळे त्यांना पट्टीकाका म्हणत. बांधकाम खात्यात आरेखक म्हणून उभी हयात घालवून ते निवृत्त झाले, त्यालाही दहा वर्षे लोटली. तरी सदऱ्याच्या खिशातली सहा इंची पट्टी काही उतरली नव्हती. भिंतीवर तसबीर लावायची असो की कपाट जिन्यातून वर चढवायचे असो, बोलावणे त्यांनाच. ‘पट्टीकाकांचं माप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ,’ असे लोक म्हणत. पूर्वी हे ऐकून त्यांची छाती फुगत असे. गेली बारा वर्षे मात्र ते ऐकले की त्यांची नजर आपसूक जमिनीकडे वळे.

त्या रविवारी सकाळी अकरा वाजता वसाहतीची सभा होती. समोरच्या इमारतीत राहणाऱ्या शिवणबाईंना शिवणवर्गासाठी तळमजल्यावरची मोठी खोली द्यावी की देऊ नये, एवढाच विषय होता. अध्यक्ष, म्हणजे कोपऱ्यावरचे औषधवाले, आदल्या दिवशीच सांगून गेले होते, “काका, तुम्ही म्हणाल ती पूर्व दिशा.”

सकाळी चहा देताना पत्नी म्हणाली, “खोली काही मिळत नाही तिला. खालच्या वहिनी म्हणत होत्या, ज्या घरावर धाड पडली, तिथल्या बाईकडे मुली कशा पाठवायच्या?”

“पण त्या घरात सापडलं काय होतं?”

“काही नाही. तरी पण आपल्या दारावर नाही ना आले कुणी? काही असल्याशिवाय का कोणी दार फोडतं!” मग त्यांच्या कपाकडे पाहून ती म्हणाली, “आणि तुम्हाला काय धाड भरलीय? चहा निवून गेला.”

पट्टीकाका उठले. कपाटावरची पत्र्याची नळी त्यांनी खाली काढली आणि तिच्यावरची धूळ रुमालाने पुसली. नळीत एकच कागद होता.

बारा वर्षांपूर्वी तपास खात्याच्या माणसांनी त्यांच्या कचेरीत येऊन समोरच्याच, तेव्हा नव्या असलेल्या इमारतीचा नकाशा तासाभरात मागितला होता. तिथे कोणीतरी खोटे सरकारी शिक्के बनवत होता. प्रत्येक मजल्यावर जिन्याच्या दोन अंगांना दोन घरे, एक दुसऱ्याचे आरशातले रूप. दारांवर अजून क्रमांक लागले नव्हते. मूळ नकाशावर संशयिताच्या घरावर फुली होती. पट्टीकाकांनी पारदर्शक कागदावर पेन्सिलीने रेषा उतरवून घेतल्या आणि रीतीप्रमाणे कागद पलटून दुसऱ्या बाजूने शाई फिरवली, म्हणजे पुढे पेन्सिल खोडताना शाईला धक्का लागत नाही. पलटल्यावर डाव्याचे उजवे होते, म्हणून कोपऱ्यात दिशेचा बाण काढून पुन्हा ताडून पाहायचे, हा त्यांनीच कचेरीला घालून दिलेला नियम. त्या दिवशी बाहेर गाडी सुरू होती, साहेब डोक्यावर उभे होते आणि बाण राहिला. अक्षरे त्यांनी सरळ, सुरेख काढली, त्यामुळे कोणालाच शंका आली नाही.

दुपारी बारा वाजता जिन्याच्या डावीकडचे दार फोडले गेले. शिवणयंत्र उलटे पाडले, गिऱ्हाइकांचे बेतलेले कपडे उसवून पाहिले, फरशा उखडल्या. पलीकडचा खरा गुन्हेगार तो गोंधळ ऐकून मागच्या मागे पसार झाला. बाईंचे यजमान एका गोदामात भांडारपाल होते. मालकाने दुसऱ्याच दिवशी ‘काही दिवस घरीच थांबा’ म्हटले आणि ते ‘काही दिवस’ कधी संपलेच नाहीत.

नोकरीच्या उमेदवारीत पट्टीकाकांनी एका जुन्या गावाच्या तटाची मोजणी केली होती. तिथल्या एका म्हाताऱ्याने सांगितले होते, की शेकडो वर्षांपूर्वी नदीपलीकडून घोडेस्वार आले आणि दोन प्रहरांत गाव लुटून गेले, पण तटाला कुठेही खिंडार नाही. “कोणीतरी दिंडी दरवाजा दाखवला. स्वारांची नावं पोथीत आहेत. दरवाजा दाखवणाऱ्याचं नाव कोणालाच ठाऊक नाही. तो इथेच, चारचौघांत मान राखून मेला असेल.” तेव्हा त्यांनी हसून वहीत मापे टिपली होती. आता तो म्हातारा वेळी-अवेळी आठवे.

दहा वाजता ते समोरच्या इमारतीचा जिना चढले. डावीकडच्या दाराच्या चौकटीत कुलपाशेजारी वेगळ्या लाकडाचे ठिगळ होते. त्यांनी हलकेच टकटक केली. आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, कोणीतरी घाईने उभे राहिले.

“बसा हो, सभेचंच कोणीतरी असेल,” असे आत यजमानांना सांगत बाईंनी दार उघडले. हातात खडू होता. “काका? या ना. कसलं माप घ्यायचंय?”

“बाई, एक दाखवायचं होतं.”

त्यांनी कागद खिडकीच्या काचेला लावला. “ही शाईची बाजू. आणि पलटली की ही पेन्सिलीची.”

बाईंनी दोन्ही बाजू पाहिल्या. कापड पारखणाऱ्या डोळ्यांना फार वेळ लागला नाही.

“फुली उजवीकडे होती.”

“हो.”

“समोरच्या घरावर.”

“हो. कागद पलटला आणि मी बाण काढायला विसरलो.”

“कापड उलटं पडलं की दोन्ही बाह्या एकाच हाताच्या बेतल्या जातात, तसं.”

“अगदी तसंच!” हे शब्द सुटकेच्या सुरात निघाले आणि त्यांच्या कानशिलांना चटका बसला.

“माझ्याकडूनही झालंय दोनदा,” बाई म्हणाल्या. “त्याच दिवशी गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन सांगितलं. तुम्हाला कधी कळलं?”

“तिसऱ्या दिवशी. हा कागद कचेरीत परत आला तेव्हा.”

बाईंनी खडू मेजावर ठेवला. तो घरंगळत कडेला गेला, तरी त्यांनी उचलला नाही.

“मी खोलीसाठी शब्द टाकतो,” पट्टीकाका घाईने म्हणाले. “अध्यक्ष माझं ऐकतात. खोली मिळालीच समजा.”

“म्हणजे तुमच्या चांगल्या नावावर मला खोली मिळणार. आणि माझ्या नावाचं काय?” त्यांचा आवाज चढला नव्हता. “त्या खोलीचं बघू मागाहून. हे सगळं खाली सांगा, सगळ्यांसमोर. हे येतील ऐकायला. बारा वर्षांत एकाही सभेला आले नाहीत.”

सभेला तीसेक माणसे होती. पट्टीकाका नळी घेऊन उभे राहिले, तसा मागून कोणीतरी म्हणाला, “झालं! आता काका खोलीतल्या मुंग्यासुद्धा मोजणार.” सगळे हसले. दाराशी शिवणबाई आणि त्यांचे यजमान उभे होते. त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती.

त्यांनी सगळे क्रमाने सांगितले: गाडी, घाई, फुली, बाण. कागद खिडकीला लावून दोन्ही बाजू दाखवल्या. “त्या घरात शोधण्यासारखं काहीच नव्हतं. धाड माझ्या चुकीमुळे पडली. आणि हे मी तिसऱ्या दिवसापासून जाणतो.”

औषधवाले चष्मा पुसत राहिले. मग खालच्या वहिनींनाच कंठ फुटला, “अहो पण काका, मग इतकी वर्षं तुम्ही काय करत होता?”

पहिल्या रांगेत पत्नी बसली होती. तिने पदराचे टोक मुठीत आवळले होते आणि ती त्यांच्याकडे पाहत नव्हती.

“तुमच्या तसबिरी सरळ लावत होतो,” पट्टीकाका म्हणाले.

या वेळी कोणी हसले नाही. खोली देण्याचा ठराव दोन मिनिटांत मंजूर झाला. हात वर करताना वहिनींनी शिवणबाईंकडे पाहिले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिले नाही.

माणसे पांगू लागली, तेव्हा यजमान पुढे आले. त्यांनी कागद मेजावर पसरला आणि पेन्सिलीच्या फुलीवर बोट ठेवले.

“बाण कुठे असतो?”

“इथे. वरच्या कोपऱ्यात.”

“मग काढा.”

पट्टीकाकांनी खिशातून पट्टी काढली, पेन्सिल काढली. पट्टी दोनदा सरकली. तिसऱ्या वेळी यजमानांनी ती आपल्या बोटांनी दाबून धरली आणि बाण पुरा होईपर्यंत सोडली नाही. मग कागद गुंडाळून त्यांनी स्वतःजवळ ठेवला आणि रिकामी नळी पट्टीकाकांना परत दिली.