बारा घरांचा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे आणि आधीच सांगून ठेवतो, मी रागीट आहे. वय झाले, कोपरे झिजले, अंगाला एक लांबलचक भेग गेली, तरी राग काही गेला नाही. आधी माझी हकिकत ऐका, मग तुम्हीच सांगा माझे काय चुकले ते.

माझा जन्म परतूरचा. स्टेशनाजवळच्या जिनिंगमध्ये एक यंत्र ज्या भल्या मोठ्या लाकडी खोक्यातून आले, त्या खोक्याच्या फळ्या म्हणजे मी. सुताराने त्या जोडल्या, रंधा मारला, काजळी आणि जवसाचे तेल खलून मला काळेभोर केले. अक्षरे काढायला बिरू आला. हा बिरू जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींवर इंग्रजी अक्षरे रंगवायचा. इंग्रजीचा त्याला गंध नव्हता, पण अक्षर असे की पाहत राहावे. शाळेच्या मास्तरांनी कागदावर लिहून दिले ते त्याने पांढऱ्या रंगात माझ्यावर उतरवले. आडव्या तीन रांगा, उभ्या चार, अशी बारा घरे झाली. सगळ्या घरांत क्रियापद एकच, 'वॉक', म्हणजे चालणे. पहिल्या घरात 'आय वॉक', मी चालतो. त्याच्या खाली 'आय वॉक्ड', मी चाललो. तळाला 'आय शॅल वॉक', मी चालेन. शेजारच्या रांगेत मी चालत आहे, चालत होतो, चालत असेन. असे करत करत शेवटच्या घरात 'आय शॅल हॅव बीन वॉकिंग'. वेळ बदलली की घर बदलायचे, एवढेच. इतकी सोयीची मांडणी दुसरी कुठे असेल तर दाखवा मला!

ते साल एकोणीसशे तेहतीस. निजामाचे राज्य. घरी मराठी, कचेरीत उर्दू आणि रेल्वेत इंग्रजी, अशा तीन भाषांत माणसांची ओढाताण चाले. आमच्या लहानशा शाळेत इंग्रजी शिकवायला भुजंगराव मास्तर होते. माणूस मनाने वाईट नव्हता. पण शिकवण्याची ती रीत! मास्तर मुलांना ओळीत उभे करीत आणि पाढे म्हणतात त्याच चालीवर मला म्हणायला लावीत. आय वॉक, आय वॉक्ड, आय शॅल वॉक! मुले डोलत, घसे ताणत, आणि बाराही घरे जो एका दमात म्हणेल तो हुशार ठरे. रस्त्याने जाणारे लोक थांबून कौतुक करीत.

"पोरं कशी फाडफाड इंग्रजी बोलून राह्यलेत!"

बोलतात कुठे? ओरडतात! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होई. घरे वेगवेगळी आखली होती ती काय शोभेसाठी? अमुक घर केव्हा वापरायचे, असे एकाने तरी विचारावे! पण नाही. सहा वर्षे मला सगळ्यांनी पाठ केले आणि ओळखले कुणीच नाही.

सुटीच्या दिवशी काही मोठी माणसेही शिकायला येत. त्यांत रायभान होता. मेंढपाळांच्या घरातला हा तरणा गडी स्टेशनावर सांधेवाला होता. गाडी येण्याआधी रूळ बदलायचा, ऊन असो की पाऊस. त्याला तारबाबू व्हायचे होते. तार शिकायला पाठवण्याआधी रेल्वेचा साहेब इंग्रजीची परीक्षा घेई आणि ती फक्त दोनदा देता येई. दोनदा नापास झाला की जन्मभर सांधे ओढत बसायचे. मेंढरे सोडून रुळावर गेला म्हणून रायभानचा बाप आधीच त्याच्याशी बोलत नव्हता. आता मागे फिरायलाही जागा नव्हती.

रायभानने मला असे पाठ केले, की मास्तरांनी त्याची पाठ थोपटली. परीक्षा देऊन तो दुसऱ्या दिवशी शाळेत आला तेव्हा मात्र त्याचा चेहरा उतरला होता.

"मास्तर, साहेबानं मधलंच विच्यारलं. गाडी यायच्या आदी मी सिग्नलपर्यंत चालत गेलो होतो, हे इंग्रजीत सांग म्हणला. म्या पहिल्या घरापासून सुरू केलं. साहेबानं हात वर केला, म्या थांबलो, अन् पुन्हा पहिल्यापासून धरलं. मला मधूनच येईचना! साहेबाला वाटलं, म्या त्याची टिंगल करून राह्यलो. म्या आठव्या घरापस्तोर पोचलो तवर साहेब उठून गेल्ता."

आता मास्तरांनी काय म्हणावे? चूक कुणाची हे शेंबड्या पोरालाही कळले असते. पण मास्तर माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्या फळ्यातच काही तरी खोट हाय. खोक्याच्या लाकडाचं असंच असतं."

खोट! माझ्यात! मला खिळ्यावरून उतरवून माठाखाली घातले. ज्या अंगावर बिरूने जीव लावून अक्षरे काढली, त्यावर पाण्याचे ओघळ येऊ लागले. ती माझी भेग तेव्हाची. मित्रांनो, मी संतापाने आतल्या आत फुगलो होतो, आणि ते नुसते पाण्याने नव्हे.

महिनाभराने रायभान आला. "तुमाला नको असंल तर मला द्या," म्हणाला आणि मला डोक्यावर घेऊन घरी गेला.

त्याच्या खोलीबाहेर लिंबाला मला टेकवले. त्याची बायको जयवंताबाई तिथेच लोकर कातत बसायची. तिला अक्षरओळख नव्हती. रायभानने डोलत डोलत माझी बाराखडी सुरू केली, तशी तिची चाती थांबली.

"हे काय, मेंढरं मोजून राह्यलात काय?" ती म्हणाली. "नुसतं मोजून काय व्हतं? आमच्या कळपातलं कोन्तंबी मेंढरू मधून वढून काढा, म्या त्याची माय सांगते. तुमाला ह्यातलं एक तरी वळखू येतं का?"

तिने मेंढरे हाकायची काठी उचलली आणि माझ्या ऐन मध्यावर ठेवली. "हे कवा बोलायचं?"

रायभानचे ओठ सवयीने पहिल्या घराकडे वळले. काठी खाडकन वाजली.

"वरून न्हाई. हितून!"

त्याने त्या घरातली अक्षरे बोटाने चाचपली. मग हळूच म्हणाला, "गाडी आली तवा... तवा म्या रुळावरून चालत व्हतो. हे तवा बोलायचं."

"बराबर! अन् हे खालचं?"

"उद्या ह्या टायमाला म्या चालत असंन, तवा."

खरे सांगतो, त्या काठीचा मार मला गोड लागला. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणी तरी माझ्या एका घरापाशी थांबले होते. पुढे वर्षभर हा रोजचा नेम झाला. आज हे घर, उद्या ते. सांध्यावर जे जे घडे ते रायभान माझ्यात बसवून बघे.

दुसऱ्या परीक्षेत साहेबाने सात प्रश्न मधूनच विचारले. रायभानने सातही उत्तरे दिली आणि तो तार शिकायला रवाना झाला. बाप निरोप द्यायला स्टेशनावर आला होता, एवढे कानावर आले.

चारच दिवसांनी भुजंगराव मास्तर दारात हजर! सोबत दोन-चार गावकरी. "माझा विद्यार्थी पास झाला," सगळ्यांना ऐकू जाईल असे ते बोलले. "पुढल्या आठवड्यात शाळा तपासायला साहेब येऊन राह्यलेत. फळा न्यायला आलो." मी माठाखाली कुजत होतो तेव्हा कुठे होते हे? मला अंगावर पडावेसे वाटले त्यांच्या!

जयवंताबाईने पदर सारखा केला. "न्या की, मास्तर. फळा तुमचाच हाय. पर आदी एवढं एक सांगा." आणि तिने काठी आठव्या घरावर टेकवली. "हे कवा बोलायचं?"

मास्तर हसले. मग त्यांचे ओठ हलू लागले. आवाज नव्हता, पण मला समोरून दिसत होते. आय वॉक... आय वॉक्ड... आय शॅल वॉक... मास्तर पहिल्या घरापासून निघाले होते.

कुणी हसले नाही. मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढली.

"मला बी असंच शिकवलं, बाई," ते म्हणाले. "मधूनच कुणी कधी विच्यारलंच न्हाई."

मित्रांनो, इतक्या वर्षांचा माझा राग त्या एका वाक्यापुढे अडखळला. मास्तर खाली मांडी घालून बसले आणि माझ्याकडे बघू लागले. ते मला पहिल्यांदाच बघत होते. अजूनही कुणी चालीवर माझी घोकंपट्टी सुरू केली की मला संताप येतो. पण ओरडणाऱ्या मुलांचा येत नाही. तुम्हाला हात जोडून एवढेच सांगतो, मला पुसा, सावलीत ठेवा, माझ्यावर माठ ठेवू नका, आणि शिकणारा कितीही फाडफाड म्हणत असला, तरी त्याला एकदा मध्येच थांबवून मायेने विचारा, हे केव्हा बोलायचे?