कमळाबाईची विळी आणि दुकानाचं कार्ड

मित्रांनो, जवळ बसा, पण हात जपून. मी एक जुनी विळी आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच कीव करायला नको. माझं पातं अजून लखलखतं, आणि टोकाच्या खवणीचा एकही दात पडलेला नाही. तुमच्या आजोबांना विचारा, त्यांचे किती उरलेत ते.

माझा जन्म पालीच्या लोहाराकडे झाला. महिपत नावाचा माणूस एसटीच्या वर्कशॉपात नोकरीला होता. त्याने भंगारातून गाडीचा एक मोडका कमानपाटा विकत घेतला आणि लोहारापुढे टाकला. म्हणाला, "माझ्या बायकोसाठी विळी कर. पण अशी कर, की तिने पुन्हा मागता कामा नये." लोहाराने मला तापवलं, ठोकलं, वाकवलं. मी हूं की चूं केलं नाही. मग फणसाच्या लाकडाचा पाट बसवला आणि मी कमळाबाईच्या घरी आले. पालीपासून दोन डोंगर आत त्यांची वाडी आहे.

त्या दिवसापासून त्या घरात दोघींचंच चाललं. एक ती आणि एक मी. तिची जीभ आणि माझं पातं, दोन्हींपासून लोक जरा लांब बसत. मी मासे चिरले, सुरण कापला, नारळ किती खवले ते देवालाच ठाऊक. गणपतीत मोदकांसाठी पहाटेपासून माझ्यावर नारळ असायचा. पाहुणे मोदक खाऊन कमळाबाईच्या हाताची वाहवा करत. माझी कुणी केली नाही. पण ती मला पुसून, खोबरेल तेलाचं बोट लावून भिंतीला टेकवायची आणि म्हणायची, "तुझ्यामुळं निभावलं गो." मला तेवढं पुरे होतं.

महिपत गेला. मुलगा अजिंक्य मुंबईला कंपनीत लागला. घरी राहिली कमळाबाई, सून श्रद्धा आणि महिन्याला येणारं नवऱ्याचं पेन्शन. कमळाबाईने शाळा तिसरीत सोडलेली, पण सही करते. आणि अशी ऐटीत करते, की बघणाऱ्याने थांबून बघावी. कुणाला काही विचारणं मात्र तिला जमत नाही. विचारलं म्हणजे आपल्याला कळत नाही हे कबूल केलं, असं तिचं मत.

त्या घराचा एक नेम आहे. गणपती उंबऱ्यात येण्याआधी कुणाचं देणं शिल्लक ठेवायचं नाही. पालीला भिकाजीशेठचं दुकान आहे, तिथून वर्षभर सामान यायचं. पैसे कधी रोख, कधी नाही. कधी कमळाबाई आमसुलांचा डबा पाठवी, कधी काजू, कधी हापूसची पेटी. शेठ तोंडाने काही बोलत नसे, तीही नसे. तो मनातल्या मनात तेवढे वजा करी. गणपतीच्या आठवडाभर आधी ती दुकानात जाई आणि शेठ म्हणे, "वैनी, एवढे उरले." ती देई. संपलं. व्याज नाही, दंड नाही, वर मुलांसाठी मूठभर लिमलेटच्या गोळ्या.

आता ऐका खरी गंमत.

गेल्या गुढीपाडव्याला कमळाबाई श्रद्धाला घेऊन रत्नागिरीला गेली आणि एका मोठ्या, काचेच्या दुकानातून फ्रीज घेऊन आली. फ्रीजबरोबर मिक्सर आला. त्या मिक्सरला खोबरं खवायचं एक भांडं होतं. आणि त्या दोघांबरोबर आलं एक चकचकीत कार्ड, त्या काचेच्या दुकानाचं नाव मिरवणारं.

"रोख काय दिलं नाय," कमळाबाई शेजारच्या यमुनाबाईला ऐटीत सांगत होती. "ती मुलगी म्हणाली, काकी, कार्डावर न्या. सही केली, आणला फ्रीज. माझी सही बघून गप्प झाली ती!"

"पण मागनं किती द्यायचे?" यमुनाबाई म्हणाली.

"द्यायचे तेवढे देईन. दुकान कुठं पळून जातंय?"

कार्ड देवाच्या मागे ठेवलं गेलं. फ्रीजवर हळदकुंकू लागलं. मिक्सर ओट्यावर बसला. आणि मी? मला ओट्याखाली, कांद्याच्या टोपलीमागे ढकललं. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. मिक्सर दिवसातून दोनदा किंचाळायचा. एवढंसं खोबरं खवायला एवढी बोंब! मी आयुष्यभर काम केलं, पण शेजाऱ्याला कळू दिलं नाही.

पहिल्या महिन्यात कमळाबाई दुकानात जाऊन काही रक्कम भरून आली. काउंटरवरची मुलगी, शमिका तिचं नाव, म्हणाली होती, "एवढे भरलेत तरी चालेल, काकी." घरी येऊन कमळाबाई खूश. "बघ श्रद्धा, मोठं दुकान, पण माणसं भिकाजीशेठसारखी. सवडीनं द्या म्हणतात."

पुढच्या महिन्यात आंबा आला. तिने आपल्या झाडाची हापूसची एक पेटी एसटीत टाकली आणि शमिकाच्या काउंटरवर नेऊन ठेवली. एक शब्द बोलली नाही. शेठकडे तरी कधी बोलावं लागत होतं? शमिका म्हणाली, "अय्या काकी, किती छान!" कमळाबाईने मान डोलावली आणि परत आली. त्यानंतरच्या महिन्यात आमसुलांचा मोठा डबा गेला. शमिकाने हात जोडले.

"आता फार काय उरलं नसंल," कमळाबाई म्हणाली. "आंबा काय भावानं गेलाय यंदा!"

इकडे तिच्या बटणाच्या फोनवर टूंटूं वाजू लागलं. इंग्रजीतले मेसेज. तिला वाटलं, जाहिराती. ती फोन उशीखाली दडपून झोपायची.

मग पावसाळ्यात आमच्या वाडीची वीज गेली. झाड तारेवर पडलं आणि चांगले चार दिवस काळोख. फ्रीज कपाट झाला. मिक्सर मुका झाला. बरं वाटलं म्हणायला नको, पण वाटलं! गणपती तोंडावर आलेले, मोदकांचे नारळ अंगणात येऊन पडलेले. कमळाबाईने मला टोपलीमागून ओढलं. बघते तर काय, पात्यावर गंज. तिने गंजावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "चूक झाली गो. उद्या रत्नागिरीला जाऊन तुला धार लावून आणते."

वीज आली आणि त्याच संध्याकाळी फोनही आला. एक बाई हिंदीत बोलत होती.

"मॅडम, आपका चार महीने का बकाया है।"

"कसला बकाया? मी आंबे दिलेत!"

"मॅडम, आम नहीं, पेमेंट।"

"आम काय पैशे नाय? हापूस होते, तुझ्या गावचे नव्हेत!" आणि फोन आपटला.

श्रद्धाने आपटलेला फोन उचलून मेसेज एकेक करून वाचले. तिचा चेहरा उतरला. "आई, व्याज लावलंय. उशिराचा दंड लावलाय. त्यावर कर. तुम्ही भरलेत ते पहिल्या महिन्याचेच दिसतात. आंबे नाहीतच यात."

"आमसुलं?"

"तीही नाहीत."

कमळाबाई पाटावर बसली. श्रद्धा म्हणाली, "मी यांना फोन करते. ते भरतील."

"खबरदार! मुलानं माझं देणं भरायचं? आणि गणपती यायच्या आत हे फिटलं नाय, तर कुठल्या तोंडानं आरती म्हणू?"

दुसऱ्या दिवशी मी पिशवीत, पेन्शनमधून साठवलेले पैसे कमळाबाईच्या कमरेला, आणि श्रद्धा शेजारच्या सीटवर. आधी मला धार लावली. मग तशीच दुकानात. दारातल्या वॉचमनने पिशवी उघडली आणि दोन पावलं मागे सरला.

"काकी, हे आत नेता येणार नाही."

"मग तू धर. उभाच हायस, दोन नारळ खवून ठेव."

त्याने मला दाराजवळच्या आपल्या टेबलावर ठेवलं. काउंटर समोरच होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"शमिका, माझे आंबे कुठायत?"

"आंबे? काकी, ते आम्ही सगळ्यांनी खाल्ले. फार गोड होते!"

"खाल्लेत, ते दिसतंय अंगावर. वजा कुठं केलेत?"

शमिकाला काही कळेना. श्रद्धाने समजावलं, पालीला शेठकडे कसं चालतं ते. ऐकता ऐकता त्या मुलीने कपाळाला हात लावला. "काकी, मला वाटलं, तुम्ही प्रेमानं आणलेत! तुमच्या फ्रीजचे पैसे आम्हाला पहिल्याच दिवशी मिळाले."

"कुणी दिले?"

"कार्डवाल्या कंपनीने. कार्डावर नाव आमचं, पण पैसे त्यांचे. तुमचं देणं त्यांच्याकडे आहे. मी 'एवढे भरलेत तरी चालेल' म्हणाले, ते दंड लागणार नाही एवढंच. उरलेल्यावर व्याज चालूच राहतं. आणि मागचे महिने तर काहीच भरलेलं नाही."

"हे तू मना त्या दिवशी का नाय सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत, काकी. पेन घेतलंत आणि पटकन सही केलीत."

मित्रांनो, मी टेबलावरून बघत होते. मला वाटलं, आता ही उठून जाणार. पण ती खुर्ची ओढून बसली.

"मग आता विचारते. लाव त्या कंपनीला फोन. आणि मराठी बोलणारं माणूस दे म्हणावं."

माणूस मिळालं. कमळाबाई त्याच्याशी भाव करू लागली, जसा मासळीबाजारात करते तसा. "दंड कशाचा रे? मी काय पळून गेले? आंबे घेऊन तुमच्या दारात आले! व्याज देईन, ते माझ्या सहीचं. पण दंड काढ. नायतर तुझ्या साहेबाचं नाव सांग, त्यालापण ऐकवते." पलीकडचा माणूस दोनदा थांबा म्हणाला, कुणालातरी विचारून आला, आणि उशिराचा दंड यावेळेपुरता माफ झाला. व्याज आणि कर राहिले. तेही कमी नव्हते. कमरेची पिशवी जवळजवळ रिकामी होणार होती.

दुकानातले बाकीचे मुलगे-मुली भोवती जमले होते. शमिका म्हणाली, "काकी, आंब्यांचे पैसे तरी आम्ही देतो."

"ठेव. भेट समजून खाल्लंत ना? खाल्लेल्या भेटीचे पैशे घेतले, तर माझं आंब्याचं कलम पुढच्या साली मोहोरायचं नाय." मग तिने आवाज जरा खाली आणला. "आमसुलं मात्र अजून हायत घरी. यापुढं हवी असतील तर रोखीनं."

"मला दोन किलो," वॉचमन दारातूनच ओरडला. मग सगळेच बोलू लागले. कुणी आमसुलं सांगितली, कुणी काजू. आगाऊ पैसे काउंटरवर पडले. गणपतीचा खर्च निघाला.

कमळाबाईने सगळं देणं फेडलं. पावती श्रद्धाने दोनदा तपासली. मग शमिकाने कार्ड बंद करायचा कागद पुढे केला आणि पेन दिलं. "इथे सही, काकी."

मी श्वास रोखला. म्हणजे, विळीला जेवढा रोखता येतो तेवढा.

कमळाबाईने पेन खाली ठेवलं. "आधी वाच."

"सगळं?"

"सगळं. मोठ्यानं. आणि मराठीत सांग. मना कळत नाय."

हे शब्द तिच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकले. शमिका वाचू लागली. एक ओळ, दुसरी ओळ. तळाशी अगदी बारीक अक्षरं होती. तिथे ती अडखळली. "अगंबाई! कार्डाबरोबर एक विमा पण दिलेला दिसतोय. कार्ड बंद केलं तरी तो वेगळा बंद करावा लागेल, नाहीतर त्याचे पैसे खात्यातून जात राहतील. मलापण माहीत नव्हतं."

"मग तोपण बंद कर," कमळाबाई म्हणाली. "आणि वाच पुढं."

मागे रांग होती. सगळ्यात पुढे गुहागरकडचा एक माणूस, टीव्ही घ्यायला आलेला. त्याच्या हातात नव्या कार्डाचा कागद होता आणि पेनचं टोपण उघडलेलं. त्याने ते टोपण हळूच बंद केलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"ताई," तो शमिकाला म्हणाला, "काकींचं झालं की माझापण वाचून दाखवा."

त्याच्या मागच्या बाईने पिशवी खाली ठेवली. "मीपण ऐकते."

"बसा, बसा," कमळाबाई म्हणाली, जणू दुकान तिचंच. "घाई कुणाला हाय?"

तर मित्रांनो, माझ्यासारखीला धार लागते ती दगडावर. तुम्हाला लागते ती विचारण्यावर. कुठल्याही कागदावर नाव घालायच्या आधी विचारा, आणि समोरचा कंटाळेपर्यंत विचारा. कंटाळला तर तो त्याचा प्रश्न. आणि घरात एखादी जुनी विळी असेल, तर तिला काम झाल्यावर पुसून तेलाचं बोट लावा. गंजलेली विळी चालवायला फार जोर लागतो, आणि मग ती चुकून नको तिथे कापते.

चला, उठा आता. नारळ यायची वेळ झाली.