डब्यातला शिक्का

वडिलांचा शंभरावा दिवस झाला आणि दुसऱ्याच सकाळी मामांना घरी आणलं गेलं. मामा शहाऐंशी वर्षांचे, एका कानाने ठार बहिरे. पण आमच्याकडे आईचा भाऊ मधे बसल्याशिवाय वाटणीला वाटणी म्हणत नाहीत, त्यामुळे ताइनानहून त्यांना गाडीत घालून आणावंच लागलं. दोन तास ते झोपून होते. उतरल्या उतरल्या त्यांनी विचारलं, "चिठ्ठ्या किती?"

बीश्याने त्यांच्यापुढे चहा ठेवला. ती या घरातली मधली, चोपन्न वर्षांची, लग्न न केलेली. थोरला छिंगफा ताइचुंगला गेला, धाकटा मिंगथांग काओशुंगला गेला, आणि एकतीस वर्षं शेत हिनंच केलं. शेवटची सहा वर्षं वडिलांना उठवणं-बसवणंही हिच्याकडेच. ते गेले तेव्हा सगळे रडले, हिला मात्र रडू आलं नाही. दाढ काढायच्या आधी गाल बधिर करतात तसं तिचं सगळंच बधिर होऊन बसलं होतं. किटलीचा चटका बोटाला बसला तोही तिला उशिराने कळला.

चिठ्ठ्या तीन, असं छिंगफाने सांगितलं. दोन भावांच्या दोन आणि तिसरी थोरल्या नातवाची, म्हणजे छिंगफाच्याच मुलाची, बोयेनची. थोरल्या नातवाला मुलाच्या बरोबरीने वाटा ही रीत जुनी, सगळ्यांना ठाऊक असलेली. मिंगथांगलाही ठाऊक होती, पण ती आपल्याच घरात निघेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"बोयेनने भात पाहिलाय तो वाटीतला," तो म्हणाला. "ताइपेत संगणकापुढे बसणाऱ्याला शेत कशाला?"

"तुला थोरलं व्हायचं होतं तर माझ्या आधी जन्माला यायचंस," छिंगफा म्हणाला.

चिठ्ठ्या लिहायची वेळ आली तेव्हा कळलं की शेताचे तुकडे कुठले आणि केवढे हे दोघांनाही धड माहीत नाही. मग बीश्याला बोलावलं. तिने कॅलेंडरचं जुनं पान फाडलं आणि लिहिलं: कालव्याकडचं, बांबूखालचं, विहिरीचं. तिसरी चिठ्ठी लिहिताना ती जरा थांबली, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

शंभर दिवस तिने एकच वाक्य घोकलं होतं. विहिरीचं माझ्याकडे राहू द्या, बाकीचं तुम्ही घ्या. सगळ्यात लहान तुकडा तो, पण भुईमुगाला चांगला, आणि एकट्या बाईचं पोट त्यावर भागलं असतं. मेल्यावर आपल्या नावाची पाटी या घरच्या देव्हाऱ्यात बसणार नाही, बिनलग्नाच्या मुलीची बसत नाही, हे तिने कधीच गिळलं होतं. पण जिवंतपणी जायचं कुठे? कायद्याने मुलीचाही वाटा असतो, म्हणून भावांना हक्कसोडीच्या कागदावर सहीऐवजी तिच्या नावाचा शिक्का लागणारच होता. तो मागतील तेव्हा बोलायचं, असं तिने ठरवलं होतं.

तांदळाच्या मापट्यात चिठ्ठ्या टाकून मापटं पूर्वजांच्या पाट्यांपुढे ठेवलं. छिंगफाला कालव्याकडचं लागलं. बोयेनच्या वतीने त्यानेच हात घातला, त्याला विहिरीचं लागलं. उरलं ते बांबूखालचं मिंगथांगला. त्याने चिठ्ठी वाचली आणि बहिणीकडे वळून तिथे किती पिकतं ते विचारलं. दुपारपर्यंत सावली असते, एक तृतीयांश कमी पिकतं, असं तिने खरं ते सांगितलं. तो बांबू हिनेच लावल्यासारखा तिच्याकडे बघत राहिला.

मग जी जुंपली ती जेवणं निवून गेली तरी चालूच होती. चिठ्ठ्या परत टाका, असं मिंगथांगचं म्हणणं. एकाच घरात दोन वाटे जातात, मग चांगलं तुझंच निघणार, असंही तो बोलला. मामांनी बऱ्या कानाला हात लावून ऐकून घेतलं आणि पूर्वजांपुढे निघालेली चिठ्ठी माघारी जात नाही, एवढं सांगून विषय संपवला.

बीश्या भिंतीशी उभी राहून शिक्क्याची वाट बघत होती. छिंगफाने पिशवीतून कागद काढले, मामांच्या सह्या घेतल्या. हक्कसोडीचा कागद तिच्या समोरून गेला तेव्हा त्यावर तिच्या नावाचा लाल ठसा आधीच उमटलेला होता. देव्हाऱ्याखाली वडिलांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडा पडला होता. घरातल्या सगळ्यांचे शिक्के ते त्यातच ठेवत.

"तुझाही होता त्यात," छिंगफा म्हणाला. "तुला कशाला त्रास, म्हणून मीच मारून टाकला."

घोकलेलं वाक्य बोलायला आता जागाच उरली नाही. राग यायला हवा, असं तिला वाटलं, पण तो आला नाही. तिने फक्त ठसा पाहिला. त्याचा एक कोपरा तुटका होता. दोन वर्षांपूर्वी तो लाकडी शिक्का फरशीवर पडून त्याचा टवका उडाला, तेव्हा सायकलने जाऊन तिने सरकारी दफ्तरात दगडाचा नवा नोंदवून घेतला होता; जमिनीच्या कागदांवर आता तोच चालणार होता. जुना पार्सलं घेण्यापुरता डब्यात परत टाकला होता. नवा तिच्या सायकलच्या पिशवीत होता, आणि हे वडिलांखेरीज कोणालाच माहीत नव्हतं.

सांगता आलं असतं. तिने डाव साधला असं म्हणाल तर तसं नव्हतं, तिचं तोंडच उघडलं नाही. आज पाण्याची पाळी आहे, एवढं म्हणून ती शेतावर गेली. कालव्याकडच्या आणि बांबूखालच्या भाताला तिने पाणी भरून घेतलं, मग विहिरीवरची मोटर लावून भुईमूग भिजवला.

आठव्या दिवशी छिंगफाचा फोन आला. आवाज एकदम मऊ.

"बीश्या, ऑफिसात म्हणतात हा शिक्का तुझा नाही. दुसरा आहे का गं?"

"आहे."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस, दादा."

तो म्हणाला, रविवारी येतो, तेवढा काढून ठेव.

"विहिरीचं माझ्या नावावर कर," बीश्या म्हणाली. "मग बाकीच्यावर शिक्का देते."

"ते बोयेनला लागलंय. पूर्वजांपुढे."

"मग शिक्काही पूर्वजांकडूनच घे."

फोन ठेवल्यावर ती डब्याशेजारी खाली बसली. वडिलांना जाऊन एकशे आठ दिवस झाले होते, आणि आता तिला रडू आलं.