मोती जेवत नाही

उस्मानभाईंनी काचेची पेटी भिकाजीच्या हॉलमध्ये ठेवली, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "तीन आठवडे. आठवड्याला एक उंदीर. बाकी त्याचं काही मागणं नसतं."

पेटीत रय्यानचा, म्हणजे उस्मानभाईंच्या मुलाचा अजगर होता. दोन हात लांब, मनगटाएवढा जाड, नाव मोती. हे नाव रत्नागिरीच्या आजीने फोनवरून ठेवलं होतं. नातवाने काहीतरी पाळलंय एवढंच तिला सांगितलेलं होतं, आणि पुढचं सांगायची हिंमत घरात कोणाला झाली नव्हती.

पुतणीच्या लग्नाला उस्मानभाई सहकुटुंब रत्नागिरीला निघाले होते. भिकाजी मस्कतमध्ये त्यांच्या हाताखाली एसी मेकॅनिक. त्याचा रजेचा अर्ज गेला महिनाभर उस्मानभाईंच्या खणात पडून होता.

"परत आलो की सही करतो," उस्मानभाई दारातून म्हणाले. "पण मोतीला काही झालं, तर रय्यान मला सोडणार नाही आणि मी तुला सोडणार नाही. मुलखाला तर मुळीच नाही."

आता हा अर्ज साधा नव्हता. कणकवलीजवळच्या त्यांच्या गावात भाऊबंदांचा गणपती सात घरांत फिरत असे आणि यंदाची पाळी भिकाजीची होती. चुकली तर थेट सात वर्षांनी. शिवाय चुलतभावांनी गेल्या वर्षीच म्हणून ठेवलं होतं, की भिकाजीला जमत नसेल तर आम्ही आहोतच. हे वाक्य तो वर्षभर विसरला नव्हता.

तेव्हा त्याने मोतीचं मनापासून करायचं ठरवलं. आणि पहिल्याच पाहणीत त्याला पेटीखाली वायर सापडली. वायरीच्या टोकाला एक चपटा हीटर होता, आणि तो चालू होता.

भिकाजी बराच वेळ त्या हीटरकडे बघत राहिला. महिना ऑगस्ट. बाहेर त्रेचाळीस. बावीस वर्षांच्या मस्कतमधल्या नोकरीत त्याने माणसांचे अनेक प्रकार पाहिले होते, पण हीटर लावणारा माणूस पाहिला नव्हता. त्याने तो उपटून कपाटावर टाकला, पेटी एसीच्या बरोबर समोर आणली आणि एसी अठरावर लावला.

"पाहुणो आसा," तो बायकोला म्हणाला. "त्येका गार वाटाक होया."

वसुंधरा तेव्हा फ्रीजरसमोर उभी होती. खवलेलं खोबरं आणि सुरमईच्या तुकड्यांच्या मधे उस्मानभाईंनी दिलेले आठ पांढरे उंदीर, प्रत्येक आपापल्या पिशवीत, शिस्तीत झोपलेले होते.

"अहो," ती न वळता म्हणाली, "औंदा गणपतीची पाळी आपली ना?"

"हो."

"मग त्याचं वाहन माझ्या खोबऱ्याशेजारी काय करतंय?"

भिकाजीने पिशव्या सुरमईच्या पलीकडे सरकवल्या.

पहिल्या शुक्रवारी त्याने देवाची माफी मागितली, उंदीर कोमट पाण्यात गरम केला आणि चिमट्याने मोतीसमोर धरला. मोतीने तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दुसरा धरला. मोतीने वेटोळं केलं आणि डोकं मधोमध खुपसलं. सोमवारी तिसरा. या वेळी त्याने निदान बघितलं, पण दुपारी डबा उघडल्यावर भिकाजी ज्या नजरेने भाजीकडे बघे, त्याच नजरेने.

रत्नागिरीहून रोज संध्याकाळी उस्मानभाईंच्या बायकोचा, हाफिजाभाभींचा फोन यायचा.

"जेवला का?"

"नाही हो भाभी."

"अच्छा! अजिबातच नाही?"

"अजिबात."

"अल्ला. असू दे. तू जीव जाळून घेऊ नको." भाभींचा आवाज भलताच टवटवीत होता. एवढ्या काळजीतसुद्धा बाई किती धीराची, असं भिकाजीला वाटे.

बातमी मस्कतच्या अल् घुब्रा भागातल्या त्या बिल्डिंगमध्ये पसरली आणि मग जे आपल्याकडे होतं ते झालं. माणसं आजाऱ्याला बघायला येऊ लागली.

खालच्या मजल्यावरच्या गुलबानूआपा खिमा घेऊन आल्या. "घरचा आहे. तिखट नाही टाकलं." त्यांनी पेटीवर बोटाने टकटक केलं. "हाय रे, काय उतरलाय! गाल बसले." मोतीला गाल नव्हते, पण कोणी हरकत घेतली नाही. कंपनीतला बंटी ड्यूटी सुटल्यावर आला. त्याने उंदराला दोरी बांधली आणि पाऊण तास तो पेटीत नाचवला. शेवटी बंटीलाच भूक लागली आणि तो खिमा खाऊन गेला. भजनी मंडळातले सहा जण एका गाडीतून आले. एकाने दूध आणलं होतं, दुसऱ्याने शहाळं. येईल तो पेटीचं झाकण काढी, मोतीला उचलून वजनाचा अंदाज घेई आणि "मागच्या मंगळवारपेक्षा हलका" म्हणे. मागच्या मंगळवारी त्यांच्यापैकी कोणीही त्याला पाहिलेलं नव्हतं.

सगळ्यांना चहा. चहा घेता घेता प्रत्येक जण आपल्या नात्यातल्या अशा माणसाची गोष्ट सांगे, ज्याचं आधी अन्न सुटलं आणि मग पंधराच दिवसांत आटोपलं. भिकाजी दिवस मोजी. चौदा झाले होते.

"बाबा," दहा वर्षांची पूर्वा एकदा म्हणाली. तिचं मराठी इंडियन स्कूलमधून घरी येईपर्यंत दमलेलं असे. "मी नेटवर बघितला. स्नेक थंड असला तर तो फूड डायजेस्ट नाही करू शकत. त्याला वॉर्म पाहिजे. आणि डार्क. आणि लोकांनी त्याला टच नाही करायचा. बघायचा पण नाही."

"बघायचं पण नाही?" गुलबानूआपा दुखावल्या. "आजारी माणसाला कोणी बघायलाच गेलं नाही, तर त्याला काय वाटेल?"

"तो माणूस नाही आहे."

"मोठ्यांशी असं बोलू नये, पूर्वा," भिकाजी म्हणाला. "आणि टेंपरेचरचं तू मला सांगतेस? अख्ख्या मस्कतला कोण गार ठेवतो?"

वसुंधराने मोतीची दृष्ट काढली. मीठ-मिरच्या तव्यावर पडल्या आणि छतावरचा धुराचा अलार्म कोकलू लागला. चार मजले रिकामे होऊन खाली पार्किंगमध्ये उभे राहिले. पाचव्या मिनिटाला तिथल्या दोन अनोळखी कुटुंबांना कारण कळलं आणि दहाव्या मिनिटाला ती दोन्ही कुटुंबं मोतीला बघायला वर आली.

उस्मानभाई सोमवारी यायचे होते. शुक्रवारी सकाळी हॉलमध्ये नऊ माणसं आणि मोतीच्या पेटीवर तीन कप. आणि अकरा वाजता एसीने एक लांब उसासा टाकला आणि तो बंद पडला.

सगळे भिकाजीकडे वळले.

भिकाजीने अझैबातले, मवालेहमधले, कुठले कुठले एसी रातोरात उभे केले होते. स्वतःच्या घरचा एसी त्याने दोन वर्षांत उघडला नव्हता. आता उघडला. आत पारव्यांनी घरटं केलं होतं. काँप्रेसर जळाला होता.

"पार्ट?" बंटीने विचारलं.

"आज जुम्मा. दुकान उद्या."

वीस मिनिटांत आजाऱ्याचा सगळा गोतावळा उठला. प्रत्येकाला अचानक काम आठवलं. गुलबानूआपा जाताना म्हणाल्या, "दुवा तर घरूनही करता येते." वसुंधराने उन्हासाठी पडदे गच्च ओढले, आणि तिघं मॉलमध्ये जाऊन बसली. निघताना भिकाजीने पेटीत शेवटचा एक उंदीर ठेवला. आशा म्हणून नव्हे. फ्रीजरमधून काढून ठेवला होता म्हणून.

मगरिबच्या, दिवेलागणीच्या सुमारास तिघं परतली तेव्हा खोलीत भट्टी पेटली होती. भिकाजीने पेटीत टॉर्च मारला.

"उंदीर खंय गेलो?"

वसुंधरा तत्काळ सोफ्यावर चढली. "पळाला!"

"मेलेलो उंदीर पळतलो कसो?"

"गणपतीचा आहे, त्याला काय अशक्य आहे!"

पूर्वाने टॉर्च घेतला आणि नुसतं बोट दाखवलं. मोतीच्या बरोबर मध्यावर एक गोल फुगवटा होता. मोती गेल्या तीन आठवड्यांत प्रथमच समाधानी दिसत होता.

"वॉर्म," पूर्वा म्हणाली. "डार्क. नो पीपल."

भिकाजीने कपाटावरचा हीटर काढला, फुंकर मारून धूळ उडवली आणि मुकाट्याने लावला.

फोन आला. "जेवला का?"

"जेवला, भाभी!"

"जेवला?" भाभींचा आवाज विझत गेला. "पूर्ण?"

बाईंचा आवाज इतके दिवस कशाने टवटवीत होता, ते भिकाजीला त्या क्षणी कळलं.

शनिवारी बंटी काँप्रेसर घेऊन आला. भिकाजीने तो खोक्यासकट परत पाठवला. "सोमवारपर्यंत या घरात एसी लागणार नाही," त्याने जाहीर केलं. वसुंधराने त्याच्याशी बोलणं टाकलं, पण पेटीतल्या मोतीच्या फुगवट्याकडे तीसुद्धा दर तासाला चोरून बघत होती. पूर्वाने पाहिलं की लगेच पदर सारखा करी.

सोमवारी उस्मानभाई आले आणि दारातच थबकले. "भिकाजी, तुझ्या घरी एसी नाही?"

"आहे, भाई. बंद आहे. मोतीला सोसत नाही."

उस्मानभाईंनी हीटर पाहिला. मग घामाने निथळणारा आपला सर्वांत चांगला एसी मेकॅनिक पाहिला. "माझ्या पोराच्या जनावरासाठी तू..." त्यांनी येताना खणातून बरोबर आणलेला अर्ज तिथल्या तिथे काढला. सही करताना नाकावरून घामाचा थेंब पडला आणि सही फुगली, अगदी मोतीसारखी. मागोमाग आलेल्या हाफिजाभाभींनी पेटीचं एक टोक उचललं. आपल्याच घरचं दुःख आपल्या हाताने परत नेत असल्यासारखी त्यांची मुद्रा होती.

चतुर्थीला गावात आरती झाली. नैवेद्याचं पान गणपतीपुढे ठेवण्याआधी भिकाजीने एक मोदक उचलून मूर्तीच्या पायाशी, मातीच्या उंदरापुढे ठेवला. जरा विचार करून आणखी सात ठेवले; फ्रीजरमध्ये आठ होते.

"ह्या काय नवीन?" चुलतभावाने विचारलं. "पयलो मान उंदराक?"

"तुका नाय कळाचा," भिकाजी हात जोडून म्हणाला. "त्येच्या घरच्यांशी माझो थोडो संबंध इलो."