त्या दुपारचं हवामान

वाऱ्याच्या जोराचा निळा ठिपका सत्तरवर नेला की पडद्यावरचं विमान डोंगरावर आपटतं, पासष्टवर ठेवला तर धावपट्टीच्या तोंडाशी नुसतं धडपडतं, आणि साठवर... साठवर ते उतरतं, डाव्या चाकावर जरा जास्त भार देऊन, पण उतरतं. जेर्कोने ठिपका पुन्हा एकोणसत्तरवर आणला. मग स्वतःचाच एवढा राग आला की त्याने माऊस आदळला आणि शेजारची कॉफी बशीत सांडली.

चौदा दिवस झाले होते. चौदा दिवस वापरून पाहा, आवडलं तर ठेवा, म्हणून मिळालेल्या, संगणकावरच्या विमान-उड्डाणाला जोडायच्या त्या नव्या हवामानाच्या सॉफ्टवेअरची मुदत आज संध्याकाळी संपत होती. नवं आणि जुनं एका संगणकावर नांदत नव्हती. एकाला ठेवायचं तर दुसऱ्याला काढून टाकायचं. जुन्यातले ढग म्हणजे कापसाचे बोळे, पण त्यात मागची कोणतीही तारीख घाला, त्या दिवशीच्या नोंदी उघडत आणि तसाच वारा वाहू लागे. नव्यात नोंदी नव्हत्या, पण डोंगरावरून कोसळणारा वारा होता, त्याचे भोवरे होते... फक्त त्याचा जोर आपल्याच हाताने ठरवायचा. म्हणजे आपणच वारा वाढवायचा, आपणच आपटायचं, आणि मग म्हणायचं, बघा, उतरता येतच नव्हतं!

आणि त्यातही ढग! वाऱ्याचा जोर वाढवला की हे सॉफ्टवेअर आपणहून आभाळ काळं करून टाकी. ज्यांनी ते केलं ती माणसं कुठल्या तरी सपाट, ढगाळ मुलखातली असणार. वाईट हवा म्हणजे अंधार, एवढीच त्यांची समजूत. इथल्या, काश्तेलातल्या शेंबड्या पोरालाही कळतं की बूरा, डोंगरावरून कोसळणारा तो वारा, सुटतो तेव्हा आभाळ धुऊन काढल्यासारखं स्वच्छ असतं. कोझ्याक डोंगरावरचा दगड न् दगड मोजून घ्यावा, समुद्र लखलखतो, आणि त्या लख्ख उन्हात वारा विमानाची मानगूट धरतो. त्या दुपारी तसंच ऊन होतं. प्रवासी खिडकीतून फोटो काढत होते...

"अजून तेच?" दिन्का, त्याची बायको, दारात उभी होती. "अरे, नवरा निवडताना मी एवढा विचार केला नव्हता."

"दिसतंच आहे."

"आज यूगो सुटलाय, जेर्को. आज काही ठरवू नकोस. तुझी बहीण येतेय जेवायला. खाली ये, निदान मासे तरी साफ कर."

तिचं खरं होतं. दक्षिणेचा तो ओला, चिकट वारा पहाटेपासून सुटला होता, आणि अशा दिवशी इथे कुणी सह्या करत नाही, जमीन विकत नाही. भांडणं मात्र होतात आणि दुसऱ्या दिवशी ती वाऱ्याच्या नावावर खपवता येतात. पण सॉफ्टवेअरच्या मुदतीला यूगो काय कळणार? तो "येतो" म्हणाला आणि बसूनच राहिला.

अकरा वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतली ती दुपार. आई याच घरात, खालच्या खोलीत, शेवटच्या घटका मोजत होती, आणि तो त्रेचाळीस माणसं घेऊन, पंख्यांचं विमान घेऊन, झाग्रेबहून घराकडेच येत होता — तसाच फेरा मागून घेतला होता त्याने. धावपट्टीपासून घर चालत दहा मिनिटं. तीनला दहा कमी असताना तो एकदा खाली आला, वाऱ्याने विमान उचलून बाजूला टाकलं, आणि त्याने विमान पुन्हा वर घेतलं. दुसऱ्यांदा प्रयत्न करायची मुभा होती. सहवैमानिक त्याच्याकडे बघत होता. जेर्को म्हणाला, झाग्रेबला परत चल. वाऱ्यामुळे तिकडून येणारा रस्ताही बंद होता. तो घरी पोचला दुसऱ्या दिवशी दुपारी, आणि आई गेली होती आदल्या दिवशी पाच वाजून दहा मिनिटांनी. पुरून झाल्यावर, स्मशानाच्या फाटकाशी, नेवेंका एवढंच म्हणाली होती, "तुझ्यामागून आलेलं विमान उतरलं रे, जेर्को."

बहिणीचं ते एक वाक्य. त्याच्याशी तो अकरा वर्षं भांडत होता, आणि निवृत्तीनंतर तर रोज, या खुर्चीत बसून. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये त्या दिवसाची नोंद आहे. तेवढ्या वाऱ्यात दहापैकी नऊ वेळा विमान उतरतं. पण नोंद दर अर्ध्या तासाने होते! मधल्या मिनिटांत कोझ्याकने काय फेकलं ते कुणी लिहून ठेवलं? मी घाबरलो होतो का? नाही. मागे त्रेचाळीस माणसं होती, त्यांच्याही आया कुठे तरी वाट पाहत असतील... हे मी किती वेळा म्हणालोय? आणि ते इतकं खरं आहे तर मला एका सॉफ्टवेअरची साक्ष का लागते?

त्याने पुन्हा उड्डाण सुरू केलं. समुद्रावरून वळण, समोर कोझ्याक, कानात पंख्यांची घरघर. जिन्यावर धापा ऐकू आल्या. सहासष्ट वर्षांची नेवेंका कठड्याला धरून वर आली होती.

"दिन्का म्हणाली, तूच जाऊन ओढून आण त्याला." ती पडद्याकडे वाकली. "अगंबाई, हा आपला कोझ्याक? घर दिसतं का रे आपलं?" मग ती एकदम सरळ झाली. "आवाज बंद कर."

"का?"

"बंद कर म्हणते ना."

त्याने आवाज बंद केला. विमान मुकाट्याने उडत राहिलं.

"असाच आवाज होता," ती म्हणाली. "त्या दिवशी. आपण काय, पाळण्यात असल्यापासून विमानं कानाने ओळखतो. तीन वाजून दहा मिनिटांनी खिडक्या थरथरल्या. आईने डोळे उघडले. म्हणाली, जेर्को आला. मीही म्हटलं, आला. तुझीच वेळ होती ना ती!"

"मी झाग्रेबहून फोन केला होता. सव्वाचारला."

"हो. तेव्हा कसं सांगणार तिला? तिने मला सूप गरम करायला लावलं होतं तुझ्यासाठी."

त्याने माऊसवरचा हात काढून घेतला.

"तुला सांगितलं होतं मी. स्मशानाच्या फाटकाशी. मागचं विमान उतरलं, त्याच्या आवाजाने माझी चूक झाली, तेच सांगायचं होतं. तू तोंड फिरवलंस. मला वाटलं, तू रागावलास. मग पुन्हा विषय काढायची हिंमत झाली नाही माझी."

"आणि ती? ती काय म्हणाली, मी येईना तेव्हा?"

नेवेंकाने एप्रनला हात पुसले, ते ओले नव्हते तरी.

"म्हणाली, सामान उतरवत असेल. मग म्हणाली, तो आधी सगळे कागद पुरे करतो, तसाच आहे तो, घाई करू नका त्याला. मग एकदा म्हणाली, भला माणूस आहे, म्हाताऱ्या बायांना हात देत बसला असेल. मग झोप लागली तिला." ती जिन्याकडे वळली. "चल. मासे गार होतील."

ती एकेक पायरी उतरत गेली. पडद्यावरचं विमान, कुणी हात न लावल्यामुळे, हळूहळू समुद्राकडे कलत होतं, आणि जेर्को तिकडे पाहतच नव्हता. उतरता आलं असतं का, हा प्रश्न त्याने मनात पुन्हा विचारून पाहिला — सवयीने, दात दुखतो का ते जिभेने चाचपावं तसा — आणि त्याला आश्चर्य वाटलं, तो दुखत नव्हता. वारा, कोन, वजन, मधली मिनिटं, सगळं त्याने हजार वेळा मोजलं होतं. तीन दहा ते पाच दहा हे दोन तास त्याच्या कुठल्याच हिशेबात नव्हते. तो विमान परत फिरवून झाग्रेबला गेला होता, आणि ती इथे, खालच्या खोलीत, श्वास पुरत नसताना, त्याच्यासाठी एकेक सबब शोधत होती. दोन तास ती त्याची बाजू घेत राहिली होती.

खालून दिन्काने दुसऱ्यांदा हाक मारली. "आलो," तो म्हणाला, आणि पडदा तसाच सोडून जिना उतरू लागला.