उजव्या डोळ्याचा नंबर

मास्तरांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं. केस कापता कापता गिऱ्हाइकाला चार उपदेशाचे शब्द ऐकवायची खोड होती, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. वय एक्केचाळीस. दुकान धाकट्या बहिणीबरोबर निम्म्यात. मधे लाकडी पार्टिशन; अलीकडे पुरुष, पलीकडे बायका, आणि वरच्या मोकळ्या जागेतून दोघांची दिवसभर शाब्दिक मारामारी.

मास्तरांचा डावा डोळा पाऊण नंबरचा, म्हणजे नंबर नसल्यातच जमा. उजव्याचा नंबर मात्र साडेसहा. लहानपणापासून सगळं डाव्यानं बघायचं, उजवा नुसता सोबतीला. काम भागत होतं, म्हणून कुणी फारशी दखल घेतली नाही. पण चाळिशी उलटली तसा डावा थकायला लागला. संध्याकाळ झाली की कपाळ ठणकायचं, आणि गिऱ्हाइकाची मान सारखी स्वतःच्या सोयीनं वळवावी लागायची.

एके दिवशी निवृत्त हेडसर दाढी-केस करून उठले, आरशासमोर उभे राहिले आणि जरा वेळ बघतच राहिले.

"मास्तर, माझा एक कान वर आहे, की तुमचा एक कल्ला खाली आलाय?"

पलीकडून धाकटी खो खो हसली. मग कंगवा घेऊन आली, दोन्ही बाजूंना लावून बघितलं आणि हसायची थांबली. चांगला बोटभर फरक होता. हेडसर भला माणूस. पुन्हा खुर्चीत बसले, कल्ले सारखे करून घेतले आणि गेले. धाकटीनं दादाला काही न विचारता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंबर लावला.

"एवढा फरक घेऊन तुम्ही वस्तरा चालवता?" डॉक्टर बाईंनी विचारलं.

"अजून एकही गिऱ्हाईक कमी झालेलं नाही, बाई."

बाईंनी डाव्या डोळ्यावर झाकण ठेवलं, उजव्यापुढे एकेक काच बदलत नेली. मास्तर वाचत गेले, आणि शेवटून दुसऱ्या ओळीपाशी येऊन थांबले.

"मला वाटायचं हा कामातून गेलाय."

"थोडा आळशी झालाय. कामातून गेलेला नाही."

 इतकी वर्षं घरात नुसतं बसून राहिलेल्या माणसाला एकदम नोकरी लागावी, तसं काहीतरी मास्तरांना वाटलं.

मग पर्याय सुरू झाले. पहिला चष्मा. दोन्ही पूर्ण नंबर घालून बाईंनी त्यांना बाहेरच्या पॅसेजमध्ये चालायला पाठवलं. चौथ्या पावलाला उजवीकडची फरशी वर आली आणि दाराच्या दोन कड्या दिसायला लागल्या. भिंत धरत मास्तर परत आले.

"जाड काचेतून उजव्याला सगळं लहान दिसतं, डाव्याला आहे तेवढं," बाई म्हणाल्या. "डोकं दोन्ही चित्रं जुळवायला बघतं, ती जुळत नाहीत. काहींना सवय होते, पण तुमच्याएवढा फरक असला की अवघड जातं."

"मग लेझर करून टाका." मास्तर तेवढंच ठरवून आले होते.

त्यासाठी वेगळी तपासणी झाली. बाईंनी कागद बघून मान हलवली. बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होता. "मी यावर लेझर करणार नाही. दुसरीकडे कुणी हो म्हणालं तरी तुम्ही दोनदा विचार करा."

उरले दोन. ऑपरेशन करून डोळ्याच्या आत कायमची लेन्स बसवायची, नाहीतर साधी रोज घालायची, रोज काढून टाकायची कॉन्टॅक्ट लेन्स, फक्त उजव्याला. ती डोळ्यालाच चिकटून बसते, त्यामुळे चष्म्याएवढा लहान-मोठ्याचा घोळ होत नाही.

"म्हणजे बोटानं? डोळ्यात?" मास्तरांचा आवाज चिरकला.

दुकानात परतल्यावर वाद पेटला. मास्तर ऑपरेशनकडे झुकलेले. एकदा काय ते डोळे मिटून पडायचं.

"दिवसभर लोकांच्या गळ्याला वस्तरा लावतोस आणि स्वतःच्या बोटाला घाबरतोस?" धाकटी पार्टिशनवरून म्हणाली.

"गळा त्यांचा असतो."

"दादा, मस्करी पुरे. लेन्स नाही जमली तर काढून फेकशील. ऑपरेशनचं तसं आहे का? भीती वाटते म्हणून सोपं सोडून अवघड धरतोयस तू."

मास्तर वस्तऱ्याचं पातं बदलत राहिले. तिचं खरं होतं, म्हणूनच त्यांना राग आला होता. रात्र गेली, राग ओसरला, आणि सकाळी त्यांनी स्वतःच बाईंना फोन करून सांगितलं, "आधी महिनाभर लेन्स वापरून बघतो."

दवाखान्यात लेन्स घालायला शिकवणारी मुलगी होती. चाळीस मिनिटं तिनं धीर सोडला नाही. बोट जवळ आलं की पापणी खाटकन मिटायची. लेन्स एकदा गालावर, एकदा मिशीत, एकदा थेट मुलीच्या बाहीवर. शेवटी तिनंच ती घालून दिली, काढूनही दिली, सरावासाठी चार लेन्स बरोबर दिल्या आणि उद्या पुन्हा या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मास्तर हात साबणानं धुऊन, कोरडे करून आपल्याच खुर्चीत बसले.  आरशात समोर एक घाबरलेलं गिऱ्हाईक बसलं होतं. अशी माणसं त्यांनी शेकड्यानं पाहिली होती, पहिल्यांदा वस्तऱ्याला सामोरी जाणारी, खुर्चीचे हात घट्ट धरणारी.

"मान टेका," मास्तर त्याला म्हणाले. "श्वास घ्या. वर बघा. कुठे काही दुखणार नाही, एका मिनिटाचं काम आहे."

सवयीचा आवाज होता. गिऱ्हाइकानं ऐकलं. एका हातानं वरची पापणी धरली, दुसऱ्यानं खालची ओढून लेन्स टेकवली. डोळा पाण्यानं भरला, दोनदा उघडझाप झाली, आणि आरसा लांब गेला. म्हणजे आरसा जागच्या जागीच होता, पण त्यातल्या बाटल्या एकीमागे एक उभ्या राहिल्या.

"धाकटे!" ते ओरडले. "गेली आत!"

महिना सरळ गेला असं नाही. पहिला आठवडा डोळा चुरचुरायचा, म्हणून चार तासच लेन्स. कापलेल्या केसांचे तुकडे उडतात, त्यासाठी वर बिननंबरी चष्मा आला, आणि हेडसर त्यांना आता खरे मास्तर म्हणायला लागले. कपाळाचा ठणका हळूहळू थांबला. गिऱ्हाइकांच्या माना होत्या तिथे राहिल्या.

महिन्यानं बाईंनी तपासलं. डोळा स्वच्छ होता, आळशी डोळा आता तक्त्यावरची आणखी एक खालची ओळ वाचत होता.

"मग काय ठरलं? ऑपरेशनचा विचार?"

"कधी हे नकोसं झालं तर बघू. सध्या रोज सकाळी एक गिऱ्हाईक वाढलंय, तेवढं बरं चाललंय."

बाहेर धाकटी स्कूटरपाशी उभी होती. "काय म्हणाल्या?"

"लेन्स चालू."

तिनं मान डोलावली आणि किल्ली सरळ त्यांच्याकडे फेकली. घरात मास्तरांकडे कुणी कधी काही फेकत नसे. एका डोळ्यावर त्यांना अंतराचा अंदाज यायचा नाही, म्हणून वस्तू हातात आणून द्यायची, अशीच पद्धत पडली होती. किल्ली हवेत आली. मास्तरांनी हात पुढे केला. पहिल्यांदा ती बोटांना लागून खाली पडली.

"परत टाक," ते उचलून देत म्हणाले.

तिनं परत टाकली.